बोटीला कुठं गेट असतं?

चाकणच्या त्या कंपनीत मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरलेलं एक वेळ चालून जायचं, पण गोजाबाईंच्या पाळणाघरातून न विचारता मूल उचललेलं? नाव काढू नका. गाड्यांच्या आतल्या वायरींचे जुडगे बांधणारी ती कंपनी. लाइनवर निम्म्याहून जास्त बायका, म्हणून गेटातून शिरल्याबरोबर डाव्या हाताला पाळणाघर, आणि त्या पाळणाघरात एकोणीस वर्षं गोजाबाई सांडभोर. राजगुरुनगरच्या पुढच्या एका वाडीतून कंपनीच्या बसनं यायच्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, आणि आवाज असा की सेक्युरिटीवाले दचकून उभे राहायचे.

एकदा प्रॉडक्शनच्या साहेबांनी स्वतःच्या मुलीला न्यायला ड्रायव्हर पाठवला. गोजाबाई दारात आडव्या. ड्रायव्हरनं साहेबांना फोन लावून दिला. बाईंनी तो कानाला लावलाच नाही. म्हणाल्या, "फोनवर कुणीबी साहेब व्हतो. पाय असतील तर चालत या म्हणावं." साहेब मीटिंग सोडून आले, लालबुंद होऊन. बाईंनी पोरीचं नाक पुसलं, तिला त्यांच्या कडेवर दिली आणि वर ऐकवलं, "उद्यापास्नं सकाळी सोडतानाच सांगायचं, सांजच्याला कोण न्येनार." आता बाईंची नोकरी गेली, असं सगळे धरून चालले. साहेबांनी तोच नियम छापून दारावर लावला. साहेब असला तरी बापच ना शेवटी!

पण कागदावर गोजाबाईंची खरी भिस्त नव्हतीच. न्यायला आलेल्या माणसाकडं त्या बघायच्याच नाहीत, मुलाकडं बघायच्या. मूल झेपावलं तर ठीक, मूल मागं सरलं तर यादीत नाव असलं तरी बाई दहा प्रश्न विचारणार. "पोराचं तोंड खोटं बोलत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तसं, आणि एकोणीस वर्षांत ती परीक्षा एकदाही चुकली नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता. का नसावा? दुसरं होतं काय त्यांच्याकडं मिरवायला?

वर्षालीची गोष्ट मात्र वेगळी होती. वर्षाली उदगीरकडची, तिसऱ्या लाइनवर ऑपरेटर. तिची मुलगी मैत्री, चार वर्षांची. नवरा रणजीत त्याच कंपनीत, डिस्पॅचला. दीड वर्षापूर्वी दोघं वेगळे झाले. मारहाण नाही, बाई नाही. पण पिणं होतं, आणि प्यायल्यावर घरातली भांडी रस्त्यावर जायची. मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्यानं मैत्रीला बालवाडीच्या दारातून परस्पर उचललं आणि गावाकडं घेऊन गेला. दोन दिवस फोन बंद. ते दोन दिवस वर्षाली पाळणाघराच्या फरशीवर बसून होती. घरी जायला तयार नाही, घोटभर चहा घ्यायला तयार नाही. गोजाबाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी परत आली, पुढं कोर्टानं रणजीतला लेकीला भेटायला महिन्यातले दोन शनिवार, कोर्टातच दोन-दोन तास ठरवून दिले, आणि वर्षालीनं गोजाबाईंचा हात धरून सांगितलं, "मावशी, आता माझं लेकरू माझ्या हातात, नाहीतर तुमच्या. तिसरा हात नाही."

"न्हाई देनार," गोजाबाई म्हणाल्या. त्यानंतर रणजीतनं पिणं सोडलं, असं डिस्पॅचची माणसं सांगायची. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि पोरगी काही त्याच्या हातात दिली नाही.

यंदा कंपनीला पंचवीस वर्षं झाली. हजेरी चांगली असलेल्या साठ-सत्तर जणांना घरच्यांसकट बोटीची सहल जाहीर झाली. मुंबईहून संध्याकाळी निघायचं, दुसऱ्या दिवशी गोवा, तिसऱ्या दिवशी परत. गोजाबाईंना दोन महिन्यांत निवृत्त व्हायचं होतं. एचआरच्या विजयश्री मॅडम स्वतः पाळणाघरात येऊन म्हणाल्या, "गोजाबाई, तुम्हीही चला. कामाला नाही हं, फिरायला!"

"आन् बोट बुडली तर?"

"तर आपण सगळेच बुडू. तुमचा पगार कापणार नाही."

गोजाबाई हसल्या आणि तयार झाल्या. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. भामा नदीला पूर आला की तेवढंच काय ते पाणी.

बोट पाहून मात्र बाईंची वाचाच बसली. अहो, बोट कसली, ती अकरा मजल्यांची इमारतच! आत लिफ्ट, दुकानं, पोहायचा तलाव. समुद्रावर तलाव कशाला हवा, हे कोडं बाईंना शेवटपर्यंत सुटलं नाही. कंपनीनं सगळ्यांना एकसारखे निळे टी-शर्ट दिले होते. बाईंनी तो नऊवारीवरच चढवला. वर्षाली पोट धरून हसली. तिला असं हसताना गोजाबाईंनी फार दिवसांनी पाहिलं.

नवव्या मजल्यावर मुलांचा क्लब होता. घसरगुंडी, रंग, बाहुल्या. दारात निळ्या कोटातली एक मुलगी, तिचं नाव इफ्फत. चाकणपासून जवळच्याच कासारवाडीची निघाली. वडिलांचं स्टेशनजवळ गॅरेज. गाववाली भेटल्याचा तिला आणि गोजाबाईंना आनंद झाला. इफ्फतनं मैत्रीच्या मनगटावर पिवळा पट्टा बांधला, गळ्यात तिचं बोटीवरचं कार्ड अडकवलं आणि वर्षालीपुढं फॉर्म ठेवला. मुलाला न्यायला कोण येणार, त्यांची नावं. वर्षालीनं स्वतःचं लिहिलं आणि खाली गोजाबाईंचं.

"वडील?" इफ्फतनं विचारलं.

"नाही," वर्षाली म्हणाली. रणजीत त्याच बोटीवर होता. त्याचीही हजेरी चांगली होती ना! दोघांच्या खोल्या लांब लांब दिल्या होत्या, विजयश्री मॅडमनी तेवढं पाहिलं होतं.

इफ्फतनं सगळं टिपून घेतलं. मूल सोडलं की वेळ, नेलं की वेळ, सही, पट्ट्याचा नंबर. गोजाबाई कौतुकानं बघत होत्या. "ह्ये आमच्या पाळनाघरावानी हाय की," त्या म्हणाल्या. मग कठड्यापाशी जाऊन त्यांनी चहूकडं पाहिलं. पाणीच पाणी. आणि त्यांच्या खांद्यावरचं एकोणीस वर्षांचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं. इथं गेट नाही, रस्ता नाही, एसटी नाही, रिक्षा नाही. मूल नेणार कुठं? कठड्याची तेवढी काळजी घेतली की झालं. बाईंनी कठडे हलवून पाहिले, उंची पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुपारभर झोपल्यासारखा निवांत चेहरा करून त्या खुर्चीत बसल्या. बिचाऱ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये कंपनीचा समारंभ होता. उत्कृष्ट ऑपरेटर म्हणून वर्षालीचा सत्कार व्हायचा होता. ठेवणीतली साडी नेसून, मैत्रीला क्लबात सोडून ती साडेनऊलाच हॉलमध्ये गेली. जाताना म्हणाली, "मावशी, माझं नाव पुकारायच्या आधी मैत्रीला आणा. आईला शाल देतात ते बघू द्या तिला."

"आनते की. तू जा पुढं."

दहाच्या सुमाराला गोजाबाई क्लबात गेल्या, तर दाराशी रणजीत उभा. दाढी केलेली, पाठीवर सॅक, चेहरा उतरलेला. काचेतून पोरीकडं बघत होता. बाईंना पाहून दोन पावलं मागं सरला.

"मावशी, मी आत नाही गेलो. विचारा पाहिजे तर."

"मग उबा कशाला हायेस?"

"बघतोय फक्त." मग जरा थांबून म्हणाला, "मावशी, दहा मिनिटं द्या. वरच्या मजल्यावर नेऊन समुद्र दाखवतो. त्या दोन तासांत कोर्टाच्या बाकावर बसून काय बोलणार चार वर्षांच्या लेकराशी? मी शाळेचं विचारतो, ती सांगते आणि मग दाराकडं बघत बसते. दहा मिनिटं, मावशी. तुमच्या पाया पडतो." आणि तो खरंच वाकला. दारू सोडलेला माणूस, बापच तो.

एवढ्यात मैत्रीला तो काचेतून दिसला. "पप्पा!" ती हातातला खडू टाकून धावली, दारावर दोन्ही हात आपटायला लागली. सगळा चेहरा फुललेला. गोजाबाईंनी एकोणीस वर्षं जो चेहरा वाचला होता तोच हा. मूल झेपावलं होतं. पोराचं तोंड खोटं बोलत नाही.

इफ्फत दार थोडंसं उघडून उभी राहिली. "मावशी, यादीत त्यांचं नाव नाही. मी त्यांच्याकडे देऊ शकत नाही. तुम्ही सही केलीत तर ती तुमच्याकडे गेली असं मी धरणार. मग तुम्ही सोबत राहायचं."

"राहते की मी. आन् पान्यातनं त्यो न्येनार कुटं? बोटीला कुटं गेट असतंय व्हय?"

इफ्फत काहीतरी बोलणार होती, पण मागं दोन मुलं भांडायला लागली. गोजाबाईंनी सही केली. रणजीतनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि तिघं लिफ्टकडं निघाले. लिफ्ट आली ती खच्चून भरलेली. "मावशी, तुम्ही दुसरीनं या, आम्ही वरच आहोत," म्हणून रणजीत आत शिरला. दार मिटलं. दुसरी लिफ्ट यायला पाच मिनिटं लागली.

वरच्या मजल्यावर निळ्या टी-शर्टांचा बाजार भरला होता. जिकडं बघावं तिकडं कंपनीची माणसं, सगळी एकसारखी. बाईंनी इकडून तिकडं दोन फेऱ्या मारल्या. "रणजीतला बघितला का?" "इथंच होता की मावशी." प्रत्येकाला तो इथंच होता. आणि मग भोंगा वाजला, लाउडस्पीकरवर आधी इंग्रजीत, मग हिंदीत सांगितलं गेलं की बोट गोव्याच्या धक्क्याला लागली आहे आणि उतरू इच्छिणाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दरवाज्याशी यावं.

दरवाजा! गोजाबाई कठड्याकडं धावल्या. कठड्यावरून खाली पाहिलं तर पाणी नव्हतंच. खाली सिमेंट होतं, त्यावर टॅक्स्यांची रांग, आणि बोटीच्या पोटातून एक उतार थेट त्या टॅक्स्यांपर्यंत गेला होता. कंपनीच्या लोकांना जेवण करून दुपारी एकत्र उतरायचं होतं, म्हणून सकाळी इथं काय होतं ते बाईंनी विचारलंच नव्हतं. बोट म्हणजे शेवटी एसटीच. स्टँडला लागतेच.

त्या जिन्यानं धापा टाकत क्लबात आल्या. "इफ्फत, पोरगी..." एवढंच तोंडातून निघालं.

इफ्फतचा हात लगेच फोनकडं गेला. आणि इथं गोजाबाईंनी आणखी एक गोष्ट केली, ती त्यांनी पुढं स्वतःच सांगितली म्हणून कळली. त्यांनी तो हात धरला. "थांब गं. बोभाटा नगं. मी खाली जाऊन बघते आधी. तिची आई तिकडं शाल घ्यायला बसलीया."

वीस-बावीस वर्षांची पोर ती. साठीच्या बाईचा हात तिनं बाजूला केला. "नाही मावशी. थांबायचं नसतं." तिनं फोनवर मैत्रीचा पट्ट्याचा नंबर सांगितला, कपडे सांगितले, सोबत कोण ते सांगितलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढ्यात खालच्या दरवाज्यातून उतरणं थांबलं.

गोजाबाई तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा उतरणाऱ्यांची लांब रांग अडून राहिली होती आणि लोक कुरकुरत होते. कार्ड तपासायच्या यंत्रापासून रणजीत दुसऱ्या नंबरावर होता. सेक्युरिटीवाल्यानं त्याला बाजूला घेतलं होतं. मैत्री त्याच्या खांद्यावर, त्याची टोपी घालून, दोन्ही हातांनी त्याचे केस धरून. बाईंना पाहून ओरडली, "मावशी, आम्ही नारळपाणी प्यायला चाललो!"

गोजाबाईंनी तिला खांद्यावरून ओढून घेतली. जिवात जीव आला, आणि पाठोपाठ असा संताप आला की त्यांनी रणजीतच्या थोबाडीत मारली. भरल्या रांगेसमोर.

"नारळपाणी पाजून परत आणणार होतो, मावशी. लेकीची शपथ."

पाठीवर सॅक होती. पण सॅक तर रांगेतल्या सगळ्यांच्याच पाठीवर होती. खरं काय, ते गोजाबाईंना तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. कदाचित रणजीतलाही माहीत नसेल.

सेक्युरिटीच्या अधिकाऱ्यानं फॉर्म पाहिला. यादीतली बाई हजर, मूल तिच्या कडेवर, मूल हसतंय. त्यानं विचारलं, "तक्रार लिहायची आहे का? नसेल तर मी नोंद करून सोडून देतो."

रणजीत हात जोडून उभा. "मावशी, वर्षालीला सांगू नका. वकील हे कोर्टात नेईल, माझे दोन शनिवारपण जातील. परत नाही असं करणार."

बघा आता. पोरगी सुखरूप. आईला पत्ता नाही. वर हॉलात टाळ्या चालू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती झाकायला फक्त गप्प राहायचं होतं. सांगितलं तर बापाचे शनिवार जाणार, आणि एकोणीस वर्षांत एकही मूल चुकीच्या हातात न दिलेल्या गोजाबाई, ते नावही जाणार. निवृत्तीला दोन महिने उरले होते. बाईंनी हे सगळं मनात मांडलं, नाही मांडलं असं नाही. लिफ्टमध्ये मैत्रीला कडेवर घेऊन उभ्या असताना त्या तिला म्हणाल्यासुद्धा, "आईला नारळपान्याचं सांगू नगं हां, सोने."

"का?" मैत्रीनं विचारलं.

मुलांना आईपासून लपवायला कोण शिकवतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हाताखालच्या नव्या आयांना त्या पहिल्या दिवशी हेच सांगायच्या, की असं शिकवणाऱ्या माणसाला पाळणाघराच्या दारात उभं करायचं नाही. लाजेनं त्यांचे कान तापले.

"सांग," त्या म्हणाल्या. "न्हाई, मीच सांगते."

वर्षाली हॉलच्या दारातच भेटली. खांद्यावर शाल, हातात नारळ. नाव पुकारून झालं होतं. "कुठं होता मावशी? मी सारखी बघायले दाराकडं!"

गोजाबाईंनी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रणजीत दाराशी होता ते, आपण सही केली ते, लिफ्ट, रांग, आणि इफ्फतचा हात धरला तेही. काही गाळलं नाही. बोलताना मैत्रीला आधी आईच्या कडेवर दिली.

वर्षालीनं पोरीचा चेहरा, हात, पाय चाचपून पाहिले. मग विचारलं, "रांगेत कुठं होता तो?"

"यंत्रापास्नं दुसरा."

"टॅक्सी होत्या खाली?"

"व्हत्या."

वर्षाली रडली नाही, ओरडली नाही. गोजाबाईंना वाटलं, हिनं चार शिव्या तरी द्याव्यात. तिनं शालीचं टोक पोरीभोवती गुंडाळलं. "वकिलाला सांगायचं का नाही, ते मी घरी गेल्यावर बघीन," ती म्हणाली. "त्याचं मला नवल वाटत नाही, मावशी. त्याच्यावर माझा विश्वासच नव्हता. माझा विश्वास तुमच्यावर होता."

आणि ती पोरीला घेऊन निघून गेली.

गोजाबाई परत नवव्या मजल्यावर गेल्या. इफ्फतला म्हणाल्या, "माजं नाव काड त्या कागदावरनं."

"मावशी, असू द्या. आईनं काही सांगितलेलं नाही."

"तिला सांगायला लागू नये म्हनून आल्ये. काड."

नाव काढायलाही सही लागायची. ती त्यांनी केली. इफ्फतनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं, आणि मग मुलांमध्ये जाऊन बसली.

सोमवारी पहिली शिफ्ट. पहाटे साडेसहाला बसमधून उतरून पाळणाघर उघडताना गोजाबाईंनी मनाची तयारी केली होती की मैत्री येणार नाही. पण वर्षाली आली. न येऊन करते काय? घरी कुणी नाही, लाइनला सुट्टी नाही, आणि चाकणात दुसरं पाळणाघर तिला कुठलं परवडायला? विश्वास उडाला म्हणून शिफ्ट बदलून मिळत नाही. हे गोजाबाईंना कळत होतं आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं.

वर्षालीनं रजिस्टरवर सही केली, पोरीचा डबा ठेवला. पण लाइनकडं गेली नाही. काचेच्या बाहेर जाऊन उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. बाकीच्या बाया पोरांना सोडून हजेरी लावायला पळत होत्या. शिफ्टचा भोंगा झाला, तरी वर्षाली तिथंच, आतल्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून. एकोणीस वर्षांत त्या काचेबाहेर असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

हाताखालची नवी आया चिडली. "मावशी, ही काय तुमच्यावर पहारा करायली का? सांगू का तिला जायला?"

"न्हाई," गोजाबाई म्हणाल्या. त्यांनी चटई ओढून काचेजवळ घेतली, मैत्रीला तिथं बसवली, आणि आपण बाजूला सरकून बसल्या, म्हणजे बाहेरून पोरगी नीट दिसावी. "उबी राहू दे तिला. रोज राहू दे."